वाहत्या पाण्याले कायचं सुतक?

मामाजी, साहेब जिवंत आहे.

आधी हेच सांगून टाकते. तुम्ही असता तर सकाळचा चहा घेऊन आधी त्याच्यापुढेच जाऊन बसला असतात, आणि घरातल्या माणसांची चौकशी मागाहून. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले. तेरवी झाली, मांडव निघाला, नागपूरचे पाहुणे गेले. साहेब मात्र आहे. अजूनही काचेपाशी येतो, तोंड उघडतो, बंद करतो आणि वळतो. त्याच्या याच सवयीवरून तुम्ही त्याचं नाव ठेवलं होतं. "पाहनीले येनाऱ्या साहेबासारखाच हाये," तुम्ही म्हणायचे, "चारी कोने पायते, तोंड हलवते, अन् सही कोठीच करत नाई." वीतभर लांबीचा साधा नारिंगी गोल्डफिश, पण तुमच्यामुळे त्याला गावात हुद्दा मिळाला.

त्याला वाचवायला मला तुमच्या नातेवाइकांशी भांडावं लागलं. सासऱ्याच्या मयतीच्या दिवशी सुनेनं आवाज चढवला, ही बातमी आता आसगावपासून लाखांदूरपर्यंत सगळ्या सोयऱ्यांकडे पोहोचली आहे. पोहोचू द्या. मला त्याची लाज वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटली नसती, हे मला ठाऊक आहे. तुमच्याकडूनच शिकले मी ते.

आपलं भांडण मात्र अर्धवट राहिलं. ते मी सोडलेलं नाही. आज बसले आहे तर पुरतं भांडून घेते.

तुमच्या नातीच्या, मिनूच्या वाढदिवसाला आम्ही भंडाऱ्याहून ती काचेची पेटी आणली, तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून हसत होता. "गावाच्या चारी अंगाले तळ्या-बोड्या हायेत, त्याइच्यात मासोऱ्या हायेत, अन् हे पैसे देऊन काचेची बोडी आनून रायले." दुकानदारानं पाच मासे दिले आणि नळाचं पाणी एक रात्र ठेवून मग टाकायला सांगितलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. क्लोरीन उडून जायला वेळ द्यावा लागतो, एवढं मला कळत होतं. मी एक रात्र नाही, दोन रात्री पाणी उघडं ठेवलं. तरी दुसऱ्या आठवड्यात मासे वर येऊन तोंड उघडू लागले, त्यांचे कल्ले लाल झाले, आणि तीन दिवसांत तीन गेले. मिनूनं जेवण सोडलं होतं. तुम्ही तिला ओट्यावर बसवून म्हणालात, "बाई, मासोरी होय थे, मरतेच." आणि मग मला, हळूच, "पान्याचा दोस नाई, दुकानातूनच बिमार आल्या असन."

पाण्याचा दोष नाही. हे तुम्ही किती वेळा म्हणाला असाल, मामाजी. गावाच्या नळयोजनेवर तुमची अख्खी उमर गेली. पहाटे नदीकाठच्या विहिरीवरची मोटर सुरू करायची, टाकी भरायची, ब्लिचिंग कालवून टाकायचं, आणि सहाच्या ठोक्याला ती कमरेएवढी लोखंडी चाबी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली वॉल खोलत फिरायचं. गावात तुम्हाला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. तुम्ही 'नळवाले'. निवृत्त झालात तरी रोज सकाळी नव्या माणसाच्या मागे उभे राहून त्याच्या बादलीतलं ब्लिचिंग डोळ्यांनी मोजायचे. बिचारा वैतागायचा.

म्हणून जेव्हा मी मागवलेल्या तपासणीच्या बाटल्या आल्या, तेव्हा मी ती तपासणी तुमच्यासमोर करायला नको होती. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते. करायलाच हवी होती, पण तशी नाही. ओट्यावर तुमचे दोन जुने सोबती चहाला बसले होते. मी शाळेतून आले, नळाचं पाणी काचेच्या छोट्या नळीत घेतलं, पहिल्या बाटलीतले थेंब टाकले, दुसऱ्या बाटलीतले टाकले, नळी हलवली आणि तुमच्या बशीशेजारी ठेवली. म्हणाले, "मामाजी, पाच मिनिटं थांबा. पिवळं राहिलं तर पाणी चांगलं. हिरवं झालं तर त्यात अमोनिया आहे."

ती पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. तिघंही म्हातारे नळीकडे बघत होते. पाणी आधी लिंबाच्या रंगाचं होतं, मग पोपटी झालं, मग चांगलं गडद हिरवं. तुमच्या सोबत्यांपैकी एकानं विचारलं, "म्हंजे काय होते, बाई?" आणि मला तोंड आवरलं नाही. वर्गातच उभी असल्यासारखी मी सांगत सुटले. माणूस यानं लगेच मरत नाही, मासा मरतो. पण अमोनिया येतो कुठून? सांडपाण्यातून, गुवा-मुतातून, शेतातल्या खतातून. म्हणजे विहिरीत नदीचं जे पाणी झिरपतं, त्यात वरच्या अंगानं घाण येते आहे. ब्लिचिंग टाकून क्लोरीन मिळतो, पण अमोनिया जात नाही. दोघं एकमेकांना असे धरून बसतात की पाणी दोन दिवस उघडं ठेवलं तरी हटत नाहीत.

तुम्ही अर्धा चहा बशीत तसाच ठेवून उठलात. दारात वळून एवढंच म्हणालात, "माह्या नळाले नाव नोको ठेवू, मास्तरीनबाई."

तोवर तुम्ही मला 'सूनबाई' म्हणत होता. त्या दिवसापासून 'मास्तरीनबाई' झाले ते शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आल्याबरोबर तुम्ही गडवा भरला आणि माझ्यासमोर उभे राहून घटाघटा रिकामा केलात. "पाय, मेलो का?" मी म्हणाले, "नाही मेलात." "मंग?" आणि मिशा पुसत निघून गेलात. पुढे वर्षभर रोज तेच. गावात घरोघरी पिण्यासाठी कॅनचं पाणी यायला लागलं, आपल्याकडेही तुमच्या लेकानं, प्रशांतनं, मिनूसाठी लावलं, पण तुम्ही त्या कॅनला कधी हात लावला नाही. त्याच्याकडे बघायचे सुद्धा नाही, जसं काही घरात एखादा न पटणारा जावई येऊन बसला आहे.

तुमची अढी मला तेव्हा निव्वळ हेकटपणा वाटायची. आता तसं म्हणणार नाही. तुम्ही कामावर लागलात तेव्हा गावातल्या बाया नदीवरून पाण्याच्या पितळी गुंडी भरून आणायच्या आणि दर पावसाळ्यात हगवणीनं लेकरं जायची. तुमचा सख्खा धाकटा भाऊ त्यातच गेला. नळ आला आणि हे थांबलं. तुम्ही स्वतःच्या हातानं कालवलेल्या ब्लिचिंगनं थांबलं. त्या नळाला मी दोन बाटल्या आणि एक नळी घेऊन खोटं पाडायला निघाले होते. तुम्हाला कसं वाटलं असेल ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, मामाजी.

पण पाणी हिरवंच होत होतं, त्याला मी काय करू?

उरलेले दोन मासे, साहेब आणि एक पांढरी, यांच्यासाठी मी सांदवाडीत, मागच्या अंगणात, दोन निळे ड्रम ठेवले. आळीपाळीनं एकेकात नळाचं पाणी भरायचं, त्यात पेटीतला गाळणीचा जुना स्पंज टाकायचा आणि हवेचा पंप लावायचा. स्पंजात वाढलेले बारीक जिवाणू अमोनिया खातात. पण वेळ लागायचा, आणि उन्हाळ्यात तर पाणी काही केल्या पिवळं राहीना. ऊन वाढलं की तोच अमोनिया माशाला जास्त जाचतो. मी रोज तपासायची, रोज चिडायची.

मग एक दिवस तुम्ही सकाळी फिरायला गेलात ते दुपट्ट्यात काहीतरी बांधून आणलंत. दुपट्ट्यातून पाणी गळत होतं. ड्रमापाशी जाऊन गाठ सोडलीत आणि बोडीतलं ते लांब, हिरवं, पाण्याखाली दोरीसारखं वाढणारं गवत ड्रमात ढकललंत. मी विचारलं, "हे कशाला?" तुम्ही म्हणालात, "ड्रम खाली खाली वाटते. शोभेले असू दे."

शोभेला! सांदवाडीतल्या निळ्या ड्रमाला!

चार दिवसांनी मी तपासलं. पिवळं. पुन्हा तपासलं, माझा विश्वास बसेना म्हणून. पिवळंच. ते गवत अमोनिया पिऊन टाकत होतं. मला पुस्तकातून सुचायला हवं होतं ते तुम्हाला बोडीकाठी वाढल्यामुळे ठाऊक होतं, की जिथं हे गवत तिथं पाणी निर्मळ आणि तिथंच माशांची पिल्लं. मी ती पिवळी नळी काही न बोलता तुमच्या चष्म्याशेजारी खिडकीत ठेवून दिली. तुम्ही चष्मा घातलात, नळी उचलून उजेडात धरलीत, परत ठेवलीत आणि म्हणालात, "आज वांग्याच्या भाजीत मीठ कमी हाये."

मीठ बरोबर होतं, मामाजी. मी चाखून बघितलं होतं.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी गवत तुम्ही आणायचे, ड्रम तुम्ही भरायचे, पेटीतलं चौथाई पाणी तुम्हीच बदलायचे. आणखी दोन मासे आणले, तेही जगले. पण ड्रमात गवत कशासाठी, हे कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, शोभेले. आणि मी विषय काढला की, चला ना मामाजी, ग्रामसभेत सांगू, तुम्ही म्हणाल तर गाव ऐकेल, वर अर्ज करू, पाणी तपासून घेऊ, विहीर बदलू, तर तुमचं तेही उत्तर ठरलेलं. "मी जिता हावो तोपर्यंत या घरातून नळाची तक्रार जानार नाई." मी म्हणायची, "लेकरं पितात ते पाणी." तुम्ही म्हणायचे, "माहं लेकरूही थेच पेऊन मोठं झालं." मग दोन दिवस अबोला. अबोल्यात साहेबाला मात्र दोघांकडून खायला मिळायचं, म्हणून तो एवढा सुटला.

त्या दिवशीचं सांगते. तुम्ही नव्हता, म्हणजे होता, पण ऐकत नव्हता.

तुमच्या तोंडात गंगाजल टाकायला प्रशांतनं तांब्याची सीलबंद लोटी फोडली. मला तुमचं बोलणं आठवलं. दिवाळीत तुम्ही म्हणाला होता, "माह्या तोंडात नळाचंच टाकजो, गंगा कोनं पायली?" सगळे हसले होते. मी स्वयंपाकघरात गेले. माझ्यापुढे कॅन होता, नळाची भरलेली गुंड होती आणि मागे सांदवाडीत ड्रम. मी गुंडीतलं चमचाभर आणलं आणि तुमच्या ओठांना लावलं. तुमच्या नळाचं. कोणाला दिसलं नाही. तुमच्या नळावर माझा विश्वास नव्हता, तरी शब्द पाळला.

मग तुम्हाला नेलं. माणसं नदीकडे गेली आणि बाया उठल्या. तुम्हाला रिवाज माहीतच आहे, मयत घराबाहेर गेलं की घरात साठवलेलं पाणी सुतकी होतं, सगळं ओतून टाकायचं आणि घर धुवायचं. माठ ओतला, गुंडी ओतल्या, न्हाणीघरातलं टाकं रिकामं केलं. मी तुमच्या खोलीत तुमची उशी घेऊन बसले होते, मला कशाचं भान नव्हतं. मागून धो धो आवाज आला तेव्हा उठले. दोन्ही ड्रम आडवे केलेले होते. तुम्ही चार दिवसांपूर्वी आणलेलं गवत चिखलात पडलं होतं आणि त्यावरून कोणीतरी खराट्यानं झाडत होतं.

मी बैठकीत धावले. तिथं तुमची बहीण, आसगावच्या आत्या, बादली घेऊन पेटीसमोर उभ्या होत्या आणि तुमच्या चुलतभावजय, माझ्या चुलतसासूबाई, झाकण काढत होत्या.

मी मधे उभी राहिले. म्हणाले, "याला हात लावायचा नाही."

"अवं बाई, सुतकी पानी होय थे," आत्या म्हणाल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "फेकून देऊ, नळ आला का ताजं भरून देऊ. मासोऱ्या बादलीत ठेवतो ना."

"ताजं पाणी भरलं की हे मरतील."

"ताज्या पान्यानं कोनी मरते का?"

आता त्या वेळी मी त्यांना अमोनिया समजावून सांगायला हवा होता का? घरात रडारड चालली होती. दारात गावातल्या बाया दाटल्या होत्या. चुलतसासूबाई म्हणाल्या, "शिकलेल्या सुना अशाच राहतात, मासोरीचं पडलं हाये, सासऱ्याचं नाई." आणि मामाजी, मला तुमची गोष्ट आठवली. तुम्ही शंभरदा सांगितलेली, प्रत्येक वेळी थोडी वाढवून सांगितलेली.

तुमची आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गावाला पाणी नव्हतं. वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं की नळवाल्याला सुतक आहे, दहा दिवस त्यानं गावाच्या पाण्याला शिवायचं नाही. दुसऱ्या कोणाला मोटर चालवता येत नव्हती. तुम्ही डोक्याचे केस उतरवलेले, तसेच पहाटे गेलात, मोटर लावली आणि सहाला चाबी खांद्यावर घेऊन चौकात आलात. एका आजोबांनी वाट अडवली. सुतकी हातानं गावाला पाणी पाजतोस का? तुम्ही म्हणालात, "म्या पान्याले हात नाई लावला, वॉलले लावला. अन् वाहत्या पान्याले कायचं सुतक? नसन पायजे त बंद करतो, सांगा." आजोबा सांगायच्या आत त्यांचीच सून गुंड घेऊन नळाखाली बसली होती.

मी पेटीतल्या पंपाकडे बोट दाखवलं. स्पंजातून पाणी वर येत होतं, धार पडत होती, बुडबुडे उठत होते. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते माझ्या माहेरच्या बोलीत नव्हतं, तुमच्या बोलीत होतं. "हे साठवलेलं नाई, आत्या. हे वाहून रायलं. वाहत्या पान्याले कायचं सुतक?"

ते वाक्य कोणाचं आहे हे त्या दारातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. आत्यांनी बादली खाली ठेवली, तोंडाला पदर लावला आणि काचेपुढे मटकन बसल्या.

मला वाटलं जिंकले.

दहाव्या दिवशी पुरुष घाटावर गेले आणि घरात पुन्हा धुणंपुसणं निघालं. मी पिठाच्या गिरणीवर गेले होते. आत्यांच्या मनाला पहिल्या दिवसापासून लागलं होतं की भावाच्या मासोऱ्यांसाठी आपण काही केलं नाही. म्हणून त्यांनी मायेनं, अगदी मायेनं, पेटीतला स्पंज काढला, नळाच्या धारेखाली पिळून पिळून पांढरा केला आणि दोरीवर उन्हात वाळत घातला. 'किती मळला होता, बाई.' आणि पेटीतलं अर्ध्याहून जास्त पाणी काढून नळाचं ताजं भरलं. सगळे जिवाणू गेले. विरजणाचं भांडं घासूनपुसून उन्हात पालथं घालावं तसं झालं.

मी आले तेव्हा चारही मासे वर तोंड काढून होते. साहेबसुद्धा. पाणी तपासलं. पाच मिनिटं लागलीच नाहीत, नळी लगेच हिरवी झाली. ड्रम रिकामे होते.

मी आत्यांवर ओरडले नाही. ओरडणार होते, पण त्यांनी विचारलं, "म्या काई बिघडवलं का वं?" आणि त्यांचे हात इतके तुमच्यासारखे दिसले की मला ओरडता आलं नाही. मी म्हणाले, "गवत पाहिजे आत्या. बोडीतलं. मामाजी आणायचे ते. कुठून आणायचे मला माहीत नाही." दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

"मले मालूम हाये," आत्या म्हणाल्या.

आणि दहाव्याच्या दिवशी, भर दुपारच्या उन्हात, सुतकाच्या घरातल्या दोन बाया दोन गुंडी घेऊन गावामधून निघाल्या. कोणी काय म्हटलं ते मी ऐकलं नाही. उन्हानं बोडी आक्रसली होती, मधे तेवढं पाणी होतं. आत्यांनी लुगडं गुडघ्यावर खोवलं आणि सत्तरीतली ती बाई माझ्यापुढे चिखल तुडवत आत गेली. "आमी लहानपनी येथंच येवो. भाऊ म्हने, जेथं हे गवत हाये तेथलंच पानी पेजो, चंद्रे." ओंजळी भरभरून गवत उपटलं आम्ही. आणि कमरेत वाकल्यावाकल्याच, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं.

"भाऊ संक्रांतीले माह्याकडे आला होता तवा बोलला. म्हने, पोरगी खरं बोलते, चंद्रे. नदी बिघडली. मी जलमभर गावाले जे पानी पाजलं, थे आता मासोरीच्या लायकीचं नाई रायलं. पन मी कोन्या तोंडानं सांगू? मंग मले म्हने, तिले नोको सांगजो."

गवत माझ्या हातातून सुटलं. मी तिथंच चिखलात बसून रडले, मामाजी. तुम्ही गेलात तेव्हा रडले नव्हते एवढी रडले. आणि खरं सांगते, त्यात दुःख थोडं होतं, राग जास्त होता. अजून आहे. तुम्हाला पटलेलं होतं! दोन वर्षं मी एकटी बडबडत राहिले, गावात दीडशहाणी ठरले, तुमच्याशी अबोले धरले, आणि तुम्हाला पटलेलं होतं. एकदा तरी म्हणायचं. 'खरं आहे, सूनबाई.' एवढंच. ड्रमात गवत टाकता आलं आणि चार शब्द टाकता आले नाहीत तुम्हाला? मला आधी कळतं तर तो शेवटचा चमचा मी ड्रमातला दिला असता. तुमच्या गवताखालचं, निर्मळ पाणी. मी हट्टानं तुम्हाला नळाचंच पाजलं.

आम्ही गवत आणलं, बोडीचं पाणी आणलं. तपासलं, पिवळं. हळूहळू बदललं. पांढरी वाचली नाही, ती आत्यांनी पेरूच्या झाडाखाली पुरली आणि तिथं उदबत्ती लावली. बाकी तिघं वाचले. साहेबानं संध्याकाळी येऊन काचेला तोंड लावलं तेव्हा आत्या त्याला म्हणाल्या, "सही कर आता." काल त्या आसगावला परत गेल्या. जाताना स्पंजाचा एक तुकडा मागून घेतला. काय करणार आहेत देव जाणे.

तर मामाजी, हिशेब असा आहे. तुम्ही मला हा नळ दिलात, ज्यामुळे या गावाची दोन पिढ्यांची लेकरं जगली. तुम्ही मला ते गवत दिलंत. तुम्ही मला ते वाक्य दिलंत. आणि तुम्ही माझ्यापासून जे लपवलंत तेही मी वारशातच धरते. ते माझं आहे, मी वाटेल तसं वापरेन.

उद्या ग्रामसभा आहे. प्रशांत म्हणतो, वर्षभर तरी थांब, घरात दुःख आहे, लोक नावं ठेवतील. चुलतसासूबाईंनी तर निरोपच धाडला आहे की, तेरवीची पंगत अजून पचली नाही अन् ही चालली चावडीवर. तुम्ही तुमच्या आईच्या मयतीच्या दुसऱ्या दिवशी चौकात उभे होता. मी सोळाव्या दिवशी चालले आहे, आणि मला तर वाटतं, उशीरच झाला. तुमची अट मी मोडत नाही. तुम्ही जिते असेपर्यंत या घरातून तक्रार गेली नाही. आता जाईल. आणि मी तिथं विज्ञानाची मास्तरीण म्हणून बोलणार नाही. नळवाल्यांची सून म्हणून बोलेन. सांगेन की पाणी बिघडलं आहे, हे नळवाल्यांना कळलं होतं आणि त्याचं दुःख घेऊन ते गेले. तुम्हाला आवडणार नाही. नका आवडू देऊ. येऊन अडवा मग.

पिशवी भरून ठेवली आहे. त्यात नळाची एक बाटली आहे, बोडीची एक, दोन थेंबांच्या बाटल्या आणि काचेच्या नळ्या. सरपंचाच्या टेबलावर, सगळ्यांच्या समोर, मी थेंब टाकेन आणि नळी ठेवून देईन. रंग यायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ सगळ्यांना गप्प बसावं लागेल.

तुम्ही दोन वर्षं बसलात, मामाजी. गावानं पाच मिनिटं बसावं.